हडळीचे पाय परत द्या : वाहिन्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
जुन्या भयमालिकांचे हक्क ज्यांच्या कपाटात आहेत त्या सर्व वाहिन्यांचे संचालक, आणि त्यांच्या ॲपवर काय व कसं दाखवायचं ते ठरवणारे अधिकारी यांस,

विषय : जुन्या भयमालिका कापून, छाटून आणि अर्धवट दाखवल्याबद्दल, तसेच प्रेक्षकांकडच्या कॅसेट नाकारल्याबद्दल.

स. न. वि. वि.

मध्यंतरी तुमच्यापैकी एकाने आपली नव्वदच्या दशकातली भयकथांची मालिका ॲपवर आणली. जाहिरात झकास होती. 'तीच भीती, नव्या रूपात' वगैरे. मी पहिल्याच रात्री लावली आणि दोन-चार गोष्टी बघून बंद केली. भीती वाटली म्हणून नव्हे. मग रीतसर मेल लिहिला: अमुक अमुक गोष्टी यादीत नाहीत, त्या कधी येणार? उत्तर आलं, "सदर भाग उपलब्ध नाहीत. आपल्या सूचनेबद्दल आभार." मी परत लिहिलं, त्यातल्या काही माझ्याकडे कॅसेटवर आहेत, पैसे नकोत, घेऊन जा. यावर जे आलं ते वकिली भाषेत होतं: प्रसारणाचं अनधिकृत मुद्रण बाळगणं हा हक्कभंग ठरू शकतो, याची नोंद घ्यावी.

नोंद घेतली. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय.

वाहिनीचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं की बाकीचे म्हणणार, चला, आपला नंबर नाही. आणि कमी-जास्त प्रमाणात हा कारभार एकट्या कुणाचा नाही. खाली काही मालिकांची नावं येतील ती आदराने आलेली आहेत. तक्रार त्यांच्यावर नाही.

मी कोण, हे सांगायला हवं. नव्वदच्या दशकात सोलापूरच्या पूर्व भागात माझं केबल होतं. गच्चीवर बारा फुटी डिश, खाली पत्र्याच्या खोलीत कंट्रोल रूम. रिसीव्हर, मॉड्युलेटर, दोन व्हीसीआर आणि एक टेबल फॅन. फॅन मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हे. सोलापूरचा एप्रिल ज्याने पत्र्याखाली काढलाय त्याला कारण विचारावं लागणार नाही. लाइट गेली की आधी शिव्या मला, मग वीज मंडळाला.

पूर्व भागाची रात्र म्हणजे यंत्रमागाची रात्र. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. अशा माणसाने रोजची कौटुंबिक मालिका बघायची कशी? आठ दिवस चुकले की सासू कुठल्या सुनेवर का चिडलीय तेच कळत नाही. भयकथांच्या मालिकेत ती अडचण नव्हती. गोष्ट नवी, माणसं नवी, वाडा नवा. मागचं काही ठाऊक नसलं तरी बसावं आणि घाबरावं. माझ्या मते या प्रकाराचं खरं बळ भुतात नव्हतं, या रचनेत होतं. जो रोज येऊ शकत नाही त्याच्यासाठीही दार उघडं. गोष्ट दोन-तीन आठवड्यांची असली की मात्र पंचाईत व्हायची. पहिला भाग दिवसपाळीत बघितलेला, पुढचा रातपाळीत गेला. मग सकाळी पाळी सुटली की कंट्रोल रूमच्या दारात अंगावर कापसाची तूस घेऊन माणसं उभी. "काय बे, काल पुढं काय झालं? कोण होतं विहिरीत? लाव की परत!"

म्हणून आम्ही रात्रीचा भाग तीन तासांच्या ई-१८० कॅसेटवर घ्यायला लागलो आणि सकाळी केबलच्या स्वतःच्या चॅनेलवर लावायला लागलो. तेव्हा बऱ्याच वाहिन्यांचा सिग्नल मोफत मिळायचा. कायद्याचं पुस्तक आम्ही उघडलं नव्हतं, आणि उघडा म्हणून सांगायलाही तुमच्यापैकी कुणी पूर्व भागात आलं नव्हतं.

त्या सकाळच्या खेळाला एक दुसराच प्रेक्षक लाभला, आम्ही धरून न चाललेला. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने तेंदूचं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालू आणि डोळे टीव्हीवर. हिंदी अर्धी कळायची, अर्धी शेजारणीला विचारायची. आमच्या इथे एका गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी एकत्र नांदतात, त्यामुळे एका भुतावर चार भाषांत चर्चा व्हायची. समोरच्या घरातल्या अक्का गॅलरीतून ओरडून विचारायच्या, "दय्यम आलं का रे? येणार असलं तर सांग, मी दार लावून घेते." दार लावून घ्यायच्या आणि खिडकीतून बघायच्या.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ज्याला तुम्ही आता 'कंटेंट' म्हणता त्याचं इथे काय झालं होतं ते तुमच्या फायलीत नसणार.

कालक्रम तुम्हाला ठाऊक आहेच, वाचकांसाठी लिहितो. झी टीव्ही सुरू झाली १९९२च्या ऑक्टोबरात. १९९३ मध्ये रॅमसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला. श्याम आणि तुलसी रॅमसे यांनी सिनेमातलं धुकं, कुरकुरणारी दारं आणि हिरवा-निळा प्रकाश थेट घरातल्या चौदा इंची टीव्हीत आणला. १९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंह यांची 'आहट' आली. पुढे मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' आली आणि भूत आपल्या भाषेत, आपल्या ओसरीवर बोलायला लागलं. मला स्वतःला त्या वळणाच्या गोष्टी जास्त लागायच्या. रबरी मुखवट्याला माणूस दोनदा घाबरतो, तिसऱ्यांदा हसतो. पण माजघरात बसलेली आजी हळूच चुकीचं नाव घेऊन हाक मारते, ते अंगावर येतं आणि अंगावरच राहतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, चौकटीची. तेव्हाचा टीव्ही चारास तीन. रुंदी चार भाग, उंची तीन. आताचा सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर दाखवताना दोन्ही कडांना काळी पट्टी ठेवायची, हा सरळ मार्ग. पट्टी दिसायला नको म्हणून तुम्ही चित्र रुंदीभर ओढलंत आणि वरून-खालून छाटलंत. हिशेब साधा आहे. असं केलं की चित्राचा चौथा हिस्सा जातो. बातम्यांत गेला तर फार बिघडत नाही. भयकथेत मात्र भूत नेमकं त्याच चौथ्या हिश्श्यात राहतं.

एक उदाहरण देतो, कारण त्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. एका गोष्टीच्या शेवटच्या भागात नायक रात्रीचा वाड्यावर परत येतो. दार उघडणारी बाई नेहमीची, बोलणंही नेहमीचं. ती आत जाते, चहा घेऊन येते, कप पुढे करते. कॅमेरा जागचा हलत नाही. संगीत नाही, किंचाळी नाही. बाई उभी, डोक्यापासून पायापर्यंत. आणि चौकटीच्या अगदी तळाशी, नऊवारीच्या काठाखाली, टाचा पुढे. दिग्दर्शक बोट दाखवत नाही, पायांचा क्लोजअप घेत नाही. ज्याने पाहिलं त्याने पाहिलं. नायक कप हातात घेतो, मान खाली घालतो, आणि मग त्याचा चेहरा.

सकाळच्या खेळाला हा भाग लावला होता तेव्हा मी शेजारच्या घरात वायर जोडत होतो. तिथे पाच-सहा जणी विड्या वळत बसल्या होत्या. एकीची कात्री थांबली. ती काही बोलली नाही, नुसतं कोपराने शेजारणीला ढोसलं. दुसरी थांबली. मग तिसरी. खोलीत कात्र्यांचा आवाज एकेक करून बंद होत गेला आणि कप नायकाच्या हातात जाण्याआधी सगळ्यांना कळलं होतं. नायकाच्या आधी बायकांना कळलं, हे त्या दिग्दर्शकाचं कसब. हडळ ओळखायची कशावरून हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. त्या माणसाने ते जाणलं आणि आपल्यावर सोडून दिलं.

तुमच्या ॲपवर हीच गोष्ट आहे. चित्र काठाच्या वर संपतं. पाय नाहीत. बाई चहा देते, माणूस खाली बघतो आणि बोंब ठोकतो. नव्याने बघणाऱ्याला वाटावं, चहात साखर नसेल. खाली कुणी लिहिलंय, "काय फालतू शेवट." त्याची काय चूक? हडळीचे पाय तुम्ही कापलेत.

अशी वरच्या कडेला छाटल्याची उदाहरणंही आहेत, तुळईला लोंबणारं वगैरे. पाल्हाळ लावत नाही.

दुसरी तक्रार नामावलीची. सुरुवातीची नावं 'वगळा' या बटणाखाली गेली, ते एक वेळ चालेल, बटण दाबायचं की नाही ते माझ्या हातात आहे. शेवटची नावं मात्र तुम्ही कापूनच टाकलीत, कारण पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू व्हायला हवा. रोजच्या मालिकेत तेच नट वर्षानुवर्षं असतात, एका भागाची नावं गेली तर दुसऱ्यात मिळतात. या मालिकांत दर गोष्टीला नवा संच असायचा. त्या दोन-तीन भागांची नामावली गेली की त्या माणसांचं काम कुठेच नोंदलेलं उरत नाही. मुख्य नटांची नावं लोकांच्या लक्षात असतात. रखवालदार, टांगेवाला, पोस्टमन, पुजारी यांची नसतात. आमच्या सोलापुरातले एक हौशी नट, हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धा गाजवलेले, मुंबईला जाऊन अशाच एका गोष्टीत स्मशानातल्या रखवालदाराचं काम करून आले होते. चार वाक्यं होती. गावात महिनाभर मिरवले. आज त्यांच्या घरच्यांना ती चार वाक्यं ॲपवर दिसतात, नाव दिसत नाही. रंगभूषा, प्रकाश, ध्वनी यांची तर गोष्टच सोडा. ज्या माणसाने थर्माकोल आणि डिंकातून कवटी बनवून हाडाची वाटेल अशी रंगवली त्याला कुणी विचारायचं?

तिसरी, भाग जोडण्याची. तीन आठवड्यांची गोष्ट सलग एका तासात बसवलीत. प्रत्येक भाग कुठे थांबवायचा हे लेखकाने ठरवलं होतं, दाराची कडी हलते आणि 'क्रमशः'. आता कडी हलते आणि पुढच्याच क्षणी दार उघडून मांजर आत येतं. आठवडाभराची धाकधूक एका सेकंदात. शिवाय जाहिरातीच्या आधीचा प्रसंग जाहिरातीनंतर थोडा परत दाखवायची तेव्हा पद्धत होती, तो दोनदा येतो ते कुणी काढलेलं नाही. कापायचं ते ठेवलं, ठेवायचं ते कापलं. काही ठिकाणी पार्श्वसंगीतही बदललंय. नवं संगीत कान फोडतं, जुनं थांबून राहायचं.

चौथी, क्रमाची आणि गायब भागांची. तुमचा 'भाग १' हा पहिला भाग नाही. प्रसारणाची तारीख कुठेही नाही. काही गोष्टींचा दुसरा भाग आहे, पहिला नाही. एका गोष्टीचं नाव दुसरीला लावलंय. 'उपलब्ध नाहीत' याचा अर्थ काय? टेप हरवली? पुसली? खराब झाली? की आहे, पण शोधायला माणूस नाही? या चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि चारहींवर उपाय वेगळा आहे.

पाचवी तक्रार मी करणार नव्हतो, पण करतो. या मालिकांचे मिनिटभराचे उभे तुकडे करून, वर हसणारे चेहरे चिकटवून तुम्हीच सोडता. लोकांनी केलं तर मौज आहे, आम्हीही कंट्रोल रूममध्ये हसून लोळायचो. एका पिशाच्चाच्या मनगटावर घड्याळ होतं, अजून आठवतं. पण मालकानेच आपल्या दुकानातला माल रस्त्यावर मांडून 'बघा किती टाकाऊ' म्हणायचं आणि आत तोच माल वर्गणी लावून विकायचा, हा व्यवहार मला समजत नाही. मान्य आहे, निम्म्या गोष्टी सुमार होत्या. काही तर अगदीच बंडल. तरी त्या सुमार गोष्टीही हव्यात. पुढे कुणाला कळायचं असेल की खासगी वाहिन्या घरात शिरल्या त्या वर्षांत आपली माणसं कशाला घाबरत होती, तर त्याला निवडक दहा गोष्टी पुरणार नाहीत.

आता टेपचं. हे मी धंद्यामुळे जाणतो, म्हणून जरा खोलात जातो. टेप म्हणजे पॉलिस्टरची पट्टी, तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर, आणि ती भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ. भुकटी सहसा दगा देत नाही, चिकट पदार्थ देतो. तो हवेतली ओल पितो आणि सैल पडतो. मग टेप चालवली की थर निघून व्हीसीआरच्या हेडला बसतो. आम्ही म्हणायचो, हेड चोक झालं. एका वाईट कॅसेटने हेड घाण केलं की पुढच्या चांगल्या कॅसेटचंही नुकसान. दुसरा शत्रू बुरशी. सोलापूर कोरडं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण पावसाळ्याचे चार महिने ट्रंकेला पुरले. कॅसेटच्या खिडकीतून बघा, गुंडाळीच्या कडेला पांढरी जाळी दिसते. ती दिसली की लावायची नाही, आधी उघडून साफ करायची. माझ्याकडच्या काही कॅसेटना ती धरलीय.

आणि समजा कॅसेट ठणठणीत आहे, लावायची कशात? घरगुती व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. वाहिन्यांत वापरली जाणारी सोनीची बीटाकॅम टेपची यंत्रंही आता बनत नाहीत. तुमच्या मूळ प्रती बहुधा त्याच जातीच्या असणार. २०१९ मध्ये युनेस्कोने ध्वनिचित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर इशारा दिला होता की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, त्यातलं बहुतेक हाती लागणार नाही. ती मुदत मागे पडली. माझा व्हीसीआर नवी पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिकच्या कृपेने चालतो. पट्टा आणि पिंच रोलर मिळेनासे झालेत. तो दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढून बसवतो.

तुम्ही म्हणाल, हा सगळा नसता उपद्व्याप. म्हणून बाहेरचं एक उदाहरण. बीबीसीने १९६८ मध्ये 'लेट नाइट हॉरर' नावाची सहा भागांची मालिका केली. आज त्यातला एक भाग उरलाय. १९७२ मध्ये 'डेड ऑफ नाइट' केली, सात भाग, उरले तीन. टेप महाग होती, जागा कमी होती, एकदा दाखवलेलं परत कोण बघणार असा समज होता. म्हणून टेप पुसून वापरल्या. १९७८ च्या सुमारास धोरण बदललं, तोवर जायचं ते गेलं होतं. मग त्यांनी काय केलं? गेलं ते गेलं असं कबूल केलं, हरवलेल्याच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून लोकांना हाक दिली: कुणाच्या माळ्यावर, तळघरात काही असेल तर आणा. लोकांनी आणलं. त्या हाकेला उत्तर म्हणून आलेल्या माणसाचं तिथे स्वागत झालं. उलट अमेरिकेतली 'द ट्वायलाइट झोन' बघा, १९५९ ते १९६४. खर्च वाचवायला सहा भाग व्हिडिओ टेपवर केले, बाकी सगळे फिल्मवर; आणि १५६च्या १५६ भाग आज बघायला मिळतात. तीसेक वर्षं आधीची मालिका, पण सांभाळणारा जागा होता.

आपल्याकडे पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला त्याच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. रद्दी दर्जाची कादंबरीसुद्धा त्यामुळे कुठेतरी शिल्लक राहते. फ्रान्सने १९९२ मध्ये रेडिओ आणि टीव्हीलाही असाच नियम लावला. आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण ते मुळात चित्रपटांसाठी. खासगी वाहिनीची मालिका कुठे जमा करायची याचं बंधन तुमच्यावर नाही, आणि याचा फायदा तुम्ही पुरेपूर घेतलाय. हक्क मात्र पक्के. १९९३ मध्ये प्रसारित झालेल्या मालिकेवरचा स्वामित्व हक्क साठ वर्षांचा, म्हणजे २०५३ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. तोवर कुठलीही टेप जगणार नाही. म्हणजे हक्क राहील आणि ज्यावर हक्क आहे ती वस्तू राहणार नाही. मला वकिली कळत नाही, पण कुठल्या गोदामात काय आहे हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसंही चाललीत. तुलसी रॅमसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, मतकरी २०२० मध्ये. कॅमेरामन आणि संकलक तर बातमीही न होता जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे आहे ते मूळ रूपात ठेवा, आणि जे नाही ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून घ्या. त्यासाठी मागण्या :

१. प्रत्येक भयमालिकेची पूर्ण यादी जाहीर करा. गोष्टीचं नाव, प्रसारणाची तारीख, आणि प्रत तुमच्याकडे आहे की नाही. नसेल तर 'नाही' लिहा. त्यात लाज नाही.

२. चित्र चारास तीन दाखवा. पट्ट्या काळ्या राहू देत. ज्याला भरलेला पडदा हवाय त्याच्यासाठी बटण द्या.

३. नामावली पूर्ण दाखवा आणि प्रत्येक गोष्टीखाली लिहूनही ठेवा. जिथे नामावलीच गायब आहे तिथे नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी पाठवलेली नावं पडताळून घाला.

४. भाग मूळ होते तसे वेगळे ठेवा, मूळ संगीतासह. संगीताच्या हक्काची अडचण असेल तर तसं त्या भागाखाली नमूद करा, गुपचूप बदलू नका.

५. ज्यांच्याकडे त्या काळची घरगुती किंवा केबलची मुद्रणं आहेत त्यांनी ती जतनासाठी दिली तर कारवाई होणार नाही, असं लेखी आणि जाहीर कळवा. ही मागणी सगळ्यात महत्त्वाची. माझ्यासारखे जुने केबलवाले लातूर, मालेगाव, इचलकरंजी, भिवंडी, सगळीकडे असतील. जिथे पाळ्या होत्या तिथे कॅसेट असणारच. तुमच्या एका नोटिशीच्या भीतीने त्या भंगारात जाताहेत.

६. डिजिटल केलेली एक प्रत सार्वजनिक संग्रहालयात ठेवा आणि अभ्यासकांना ती बसून बघता येईल अशी सोय करा. आमच्या सोलापूर विद्यापीठात जनसंज्ञापनाचा विभाग आहे. तिथे बघण्यापुरती प्रत ठेवायला तुमचं काय जातं?

राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग आणि मराठी भाषा विभाग यांनाही या पत्राची प्रत पाठवतोय. मराठी मालिकांपुरतं तरी त्यांनी वाहिन्यांना एकत्र बसवावं. नाटकाच्या संहिता जपतो, तसं हेही आपलंच लेखन आहे.

माझ्याकडे ट्रंकभर कॅसेट आहेत. सगळ्यांत तुमच्या मालिका नाहीत. काहींत गड्ड्याच्या जत्रेचं चित्रण आहे, काहींत लग्नं. भयकथांच्या तेवढ्या वेगळ्या काढल्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी लावलीय, बुरशी धरलेल्या बाजूला ठेवल्यात. हडळीची गोष्ट त्यात आहे. तिन्ही भाग, पायांसकट, मध्ये आमच्याच केबलची 'बिल भरा' अशी पट्टी सरकते तेवढी सोडून. पुढच्या पावसाळ्याआधी त्या योग्य हाती जायला हव्यात, नंतरचं मी सांगू शकत नाही.

पाचव्या मागणीवर लेखी उत्तर आलं की मी स्वतः सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन येतो. भाडं माझं. पोच मात्र द्यावी लागेल, सही-शिक्क्याची, कुठली कॅसेट दिली त्याच्या यादीसह.

कळावे,
आपला,
एक जुना केबलवाला
पूर्व भाग, सोलापूर